टेबल बाजारात गेलंय

वारूळवाडीत धडधाकट माणूस सकाळी अकरा वाजता घरात दिसला की लोक दोनच कारणं धरतात. एक तर त्याला कावीळ झालीय, नाही तर त्याची नोकरी गेलीय. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप, बायको, मुलगी आणि दोन शर्ट घेऊन मी हिंजवडीहून चार दिवसांसाठी गावी आलो, तेव्हा माझे डोळे पांढरेशुभ्र होते. त्यामुळे गावानं दुसरं कारण पक्कं केलं.

मी परोपरीनं सांगितलं. पगार चालू आहे, काम चालू आहे, फक्त ते घरून करायचंय. शेजारच्या तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओट्यावर बसून तंबाखू मळली आणि जाता जाता आईला हळूच म्हणाले, "वैनी, पोराला टोचून बोलू नका. मनाला लावून घेतलंय त्यानं. खोलीत बसून एकटाच बोलतो."

मी एकटा बोलत नव्हतो. कानात हेडफोन घालून सतरा जणांशी बोलत होतो. पण ते सतराजण ओट्यावरून दिसत नव्हते, आणि गावात जे ओट्यावरून दिसत नाही ते नसतं.

वारूळवाडी म्हणजे नारायणगावाला खेटून असलेलं गाव. नारायणगाव कुठं संपतं आणि वारूळवाडी कुठं लागते, हे परक्या माणसाला कळत नाही. घरपट्टी भरणाऱ्याला बरोबर कळतं. भोवती ऊस, टोमॅटो, द्राक्षं. एवढं सगळं पिकतं, पण आमच्या घरात टेबल नव्हतं. जेवायला पाट, लिहायला मांडी, हिशोबाला कपाटाची फळी, एवढ्यावर तीन पिढ्या निघाल्या. माझी अडचण वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ऐकली आणि मळ्यातून टोमॅटोचे आठ रिकामे कॅरेट आणले. शहरात त्याला क्रेट म्हणतात. आमच्या बाजारात क्रेट म्हणणाऱ्याला भाव कमी मिळतो. दोन्ही बाजूंना चार चार कॅरेट उलटे रचले आणि वर गोठ्याचं जुनं दार आडवं टाकलं. झालं टेबल. दाराची कडी मात्र तशीच राहिली होती आणि माउस नेमका तिथं येऊन अडायचा. पुढची काही वर्षं परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी त्या कडीला वळसा घालून शोधल्या.

घरून काम ही गोष्ट आमच्या घरात मी आणली, असा माझा समज होता. तो दुसऱ्याच रात्री गेला. साडेबाराला अण्णांचा फोन वाजला. अण्णा अंथरुणातच उठून बसले, फोन कानाला लावला, दोन बटणं दाबली आणि परत आडवे झाले. मी घाबरून विचारलं, "कोण होतं?"

"मोटर."

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसवलेलं आहे. थ्री फेज लाइट आली की पेटी आपणहून फोन करते, बटण दाबलं की मोटर चालू होते, आणि झाली की एक बाई स्वच्छ मराठीत तसं कळवते. आमच्या कंपनीत सर्व्हर चालू झाला का हे विचारायला चार माणसं, दोन मेल आणि एक मीटिंग लागायची. अण्णांची मोटर स्वतः फोन करून सांगते. एकदा ऐन क्लायंटच्या कॉलमध्ये अण्णांचा फोन स्पीकरवर होता आणि त्या बाईंनी "मोटर चालू झाली आहे" असं खणखणीत जाहीर केलं. लंडनच्या साहेबानं विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, आमच्याकडची यंत्रणा सुरळीत आहे. पंधरवड्यात त्याला मिळालेलं पहिलं खरं उत्तर ते.

अर्थात मोटर घरून चालू होते, पाणी घरून धरता येत नाही. शेतीची लाइट तेव्हा दिवसाकाठी मोजकेच तास असायची, त्यातही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की अण्णा बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला निघायचे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो. पाहुणा म्हणून नव्हे, रहिवासी म्हणून. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, तिथं काही असतात, बाकीचे आमच्यात असतात. तेव्हा अण्णांचं कामही आठवड्यातले काही तास घरून आणि काही तास प्रत्यक्ष जागेवर असंच होतं. त्याला हायब्रिड म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या कंपनीनं रातपाळीला भत्ता, जेवण आणि घरपोच गाडी दिली होती. महावितरण फक्त लाइट देतं, आणि तीही मधे मधे नेतं.

माझी खरी पंचाईत नेटवर्कची होती. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस बशा. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण इथं उभी केली, कारण रेडिओलहरींचा गोंगाट कमी असलेली जागा हवी होती. दुर्बिणीला त्रास नको म्हणून आसपासच्या मोबाइल टॉवरांवर बंधनं आहेत; पुणे-नाशिक रेल्वेचा इकडून जायचा मार्गही तिच्यापायी फेटाळला गेला. माझा आवाज तुटला की मी सरळ जीएमआरटीकडे बोट दाखवायचो. त्यात शास्त्र किती होतं देव जाणे, पण हैदराबादच्या मॅनेजरला ते पटायचं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्किआपरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, त्याची बारीकशी हाक खोडदच्या बशांनी पकडली होती. उतरायच्या थोडं आधी ती हाक थांबली. यान आपटलं होतं. म्हणजे मंगळावर कोणी पडलं तर ते आमच्या गावात ऐकू येतं. वारूळवाडीतून "मी म्यूटवर आहे का?" हे मात्र हिंजवडीला ऐकू जात नाही.

आता तमाशाकडे वळायला हवं. नारायणगावात राहून नोकरीधंद्यावर लिहायचं आणि तमाशा टाळायचा, हे पंढरपुरात राहून बुक्का टाळण्यासारखं आहे. पुणे-नाशिक रस्त्यालगत दरवर्षी फडांच्या राहुट्या पडतात. बाहेर कलावंतांच्या फोटोंचे रंगीत फलक, आत एक टेबल, वही, पंचांग आणि फडाचा मॅनेजर. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावच्या कमिट्या इथं येतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. सगळ्यांत जास्त झुंबड गुढीपाडव्याला. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. ज्या दिवशी सबंध हंगामाची भाकरी ठरायची, त्या दिवशी राहुट्यांपुढं कुत्रंही नव्हतं. पुढच्या वर्षी तेच. ढोलकी वाजवणारे हात भाजीच्या गाड्यावर आणि दुसऱ्याच्या रानात खुरपणीला गेले. त्याच काळात मी कडीला वळसा घालत पूर्ण पगार घेत होतो आणि कंपनी दर शुक्रवारी आमच्या मनाची उभारी टिकावी म्हणून ऑनलाइन हौजी खेळवत होती. हे आठवलं की अजूनही जरा ओशाळायला होतं. हौजीत एकदा मी इअरफोन जिंकले होते.

मग बोलावणी सुरू झाली. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग तीन. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसनं आपल्या माणसांना पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं, तेव्हा आमच्यातल्या जाणत्यांनी डबे घासून ठेवले. थोरल्या वाड्यात दवंडी पिटली की धाकट्या वाड्यानं ती ऐकलीच समजायची. महिन्याभरात आमचीही मेल आली. मेलमध्ये लिहिलं होतं की एकमेकांना प्रत्यक्ष भेटण्यातून नव्या कल्पना जन्माला येतात. वाकडचं भाड्याचं घर आम्ही २०२० मध्येच सोडलं होतं, मुलगी नारायणगावच्या शाळेत रमली होती, बायकोच्या शिकवण्यांना वीस पोरं येत होती. मग हप्त्यांवर गाडी घेतली आणि पहाटे पाचला निघू लागलो. कळंब, मंचर, पेठ, खेड. बाह्यवळणं झाल्यापासून तो रस्ता झकास झालाय, पण तिथं वाचलेला सगळा वेळ चाकण व्याजासकट वसूल करतं. तळेगाव चौकात उभ्या असलेल्या माणसाला कसल्याही कल्पना येतात, पण त्या कंपनीच्या उपयोगाच्या नसतात.

बरं, ऑफिसात पोचून बसायचं कुठं? जागा कोणाचीच नव्हती. आदल्या रात्री मोबाइलवर खुर्ची बुक करायची, जी मिळेल तिच्यावर बसायचं, संध्याकाळी खूण न ठेवता उठायचं. आमच्या टीममधली मंडळी चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्याला विखुरलेली. म्हणजे ऐंशीएक किलोमीटर गाडी हाकून मी तिथंही हेडफोन लावून बसायचो. तात्यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, इथंही एकटाच बोलतो.

पाच दिवसांची सक्ती होण्याआधीची, त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. मे महिन्यात टोमॅटोला तोडणीचा खर्चही निघत नव्हता. लोकांनी माल बांधावर ओतला होता. दोन महिन्यांत वारं फिरलं. जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव लागला. टोमॅटो कपाटात ठेवायची वेळ आली. एका बुधवारी, माझ्या घरच्या दिवशी, मी सकाळी खोलीत गेलो तर लॅपटॉप जमिनीवर सतरंजीवर, गोठ्याचं दार भिंतीला टेकवलेलं आणि टेबल गायब.

"अण्णा, टेबल कुठंय?"

"बाजारात गेलंय."

मळ्यात माल पिकून लाल झाला होता आणि कॅरेट कमी पडले होते. त्या दिवशी माझ्या टेबलाचे सोळा हजार आले. मी दिवसभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि मला किती मिळाले याचा हिशोब मुद्दामच केला नाही. ऑगस्ट उलटता उलटता भाव घसरला आणि एका संध्याकाळी टेबल परत आलं. एका कॅरेटला आतून टोमॅटो चिकटलेला होता. तेव्हापासून बाजारभाव बघायला मी मोबाइल उघडत नाही.

आता मूळ मुद्दा. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं सुमारे बारा हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असं जाहीर केलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आमच्या कंपनीचं नाव कुठंच आलं नाही, कारण आमच्या कंपनीनं जाहीर काही केलं नाही. ती एकेकाला भेटत गेली. माझी पाळी एका सोमवारी आली. त्या दिवशी मुलगी तापानं फणफणली होती म्हणून मी घरून बसलो होतो. अकरा वाजता पंधरा मिनिटांची मीटिंग, विषय "कनेक्ट".

ज्यानं जत्रेत बसून दहा-वीस तमाशे पाहिलेत, त्याला त्या पंधरा मिनिटांत काहीच नवीन नव्हतं. आधी गण. मॅनेजरनं कंपनीच्या वाटचालीला, मूल्यांना आणि कुटुंबासारख्या वातावरणाला वंदन केलं. मग गवळण. न बोलावता एचआरच्या मॅडम पडद्यावर आल्या आणि माझी वाट अडली हे मला कळलं. मग बतावणी. दोघं आलटून पालटून बोलू लागले. हा म्हणाला, बाजार बदलतोय. त्या म्हणाल्या, हो ना, एआय. हा म्हणाला, तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही. त्या म्हणाल्या, छे, मुळीच नाही. सोंगाड्याची जागा तेवढी रिकामी होती आणि ती मला दिलीय हे उशिरा ध्यानात आलं. वग मात्र मिनिटभराचा. मॅडम म्हणाल्या, "त्यामुळं तुमची भूमिका आता..." आणि चित्र गोठलं. तोंड उघडं, एक हात वर.

मी वाट पाहिली. दाराच्या कडीशी चाळा केला. आवाज आला तेव्हा त्या म्हणत होत्या, "...तर तुम्हाला काही विचारायचंय का?"

"मॅडम, मधलं ऐकू आलं नाही. परत सांगता का?"

त्या बिचारीचा चेहरा पडला. आवंढा गिळून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. एका माणसाची नोकरी एकाच सकाळी दोनदा घालवायची पाळी तिच्यावर आली. तिला बहुधा त्या दिवशी अजून पाच-सहा ठिकाणी जायचं होतं. मी "थँक यू" म्हटलं. का म्हटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. स्किआपरेली आपटल्यावर ती उतरण्याची चाचणी होती आणि तिच्यातून भरपूर माहिती मिळाली, असं युरोपच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. मलाही त्या आठवड्यात भरपूर माहिती मिळाली. उदाहरणार्थ, अठरा वर्षांच्या नोकरीत आपण किती जणांना "काही लागलं तर सांग" असं नुसतंच म्हटलंय.

संध्याकाळी अण्णा गोठ्यात धार काढत होते. मी खांबाला टेकून उभा राहिलो. शब्द जुळवून ठेवले होते: कंपनीची पुनर्रचना, जागतिक मंदी, एआयचा रेटा. तोंडातून आलं, "अण्णा, नोकरी गेली."

धारेचा आवाज थांबला नाही.

"बाजार पडला व्हय?"

"पडला."

"पडतो." थोड्या वेळानं म्हणाले, "पट्टी कधी येईल?"

बाजारात माल विकला की व्यापारी शेतकऱ्याच्या हातात हिशोबाचा कागद देतो, ती पट्टी. किती कॅरेट, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हाती किती. माझी पट्टी दीड महिन्यानं मेलवर आली. तिचं नाव फुल अँड फायनल. मी ती छापून आणली. अण्णांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"हे बाराशे कसले कापले?"

"लॅपटॉपची बॅग परत दिली नाही म्हणून."

"बारदान," अण्णा म्हणाले आणि पुढं सरकले. आयुष्यभर बारदान कापून घेतलेला माणूस बॅगेपाशी अडत नाही. तळाचा आकडा पाहून त्यांनी कागदाची घडी केली आणि विजेची बिलं ज्या खिळ्याला लावतात, त्यालाच तो लावला. नोकरी गेल्याची ही घरातली एकूण चर्चा. बायकोनं गाडीच्या हप्त्याची तारीख विचारली आणि त्या रात्री शिकवणीची एक तुकडी वाढवली. आईनं मला दोन दिवस ताटात तूप जास्त वाढलं, तिसऱ्या दिवशी बंद केलं.

गावात मात्र मी काही सांगितलं नाही. सांगावंच लागलं नाही. सकाळी अकरा वाजता मी घरात दिसायचो. लोक यायचे, खिडकीतून बघायचे आणि दबक्या पावलांनी निघून जायचे. तात्या कोणाला तरी म्हणत होते, "आवाज करू नका रे, त्याचं घरून काम चालू आहे." २०२० मध्ये मला पगार मिळत होता तेव्हा सगळा गाव माझी नोकरी गेली असं धरून चालला होता, २०२५ मध्ये ती खरंच गेली तर एकालाही शंका येईना. मी हेडफोन लावून खोलीत बसायचो. आता खरंच एकटाच असायचो.

नोकरी शोधायच्या एका संकेतस्थळावर फोटोभोवती हिरवी कड लावायची सोय आहे, मी कामासाठी मोकळा आहे अशी. लावली. तीन दिवसांत शंभरेक जणांनी माझ्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा दिल्या. प्रवास म्हटलं की मला चाकण आठवतं. मुलाखती झाल्या. एकीकडं माझ्या निम्म्या वयाच्या पोरानं विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता? मी म्हटलं, टेबलापाशी. त्याला ते नम्रतेचं उत्तर वाटलं.

त्यातच फाल्गुन आला. मामाच्या गावची जत्रा चैत्री पौर्णिमेची. तिथल्या कमिटीला राहुटीत घासाघीस करायला माणूस हवा होता आणि कंपनीत राहिलेला माणूस बोलायला बरा असतो असा त्यांचा समज होता. गेलो. मॅनेजरनं पंचांग उघडलं आणि माझी पहिली शिकवणी सुरू झाली. तमाशाचा भाव कलावंतांवर थोडा आणि तिथीवर जास्त ठरतो. पौर्णिमेला पंचक्रोशीतल्या पन्नास गावांत देव एकदमच पालखीत बसतो, त्यामुळे फड तेवढेच आणि गिऱ्हाइकं पन्नास. तीच बारी चार दिवसांनी घ्या, निम्म्या पैशात येते. देव काही चार दिवस थांबायला तयार नव्हता. पाऊस आला तर काय, रात्री दहाला आवाज बंद करायचा म्हटल्यावर वग कुठवर न्यायचा, हजेरी सकाळी द्यायची का, सगळं बोलून झालं. एका पानाच्या करारात इतक्या गोष्टी बसलेल्या मी प्रथमच पाहिल्या. माझ्या नेमणुकीच्या पत्राला छत्तीस पानं होती आणि त्यात मुद्द्याचं वाक्य एकच होतं.

चहा आला. मॅनेजरनं मला विचारलं, "पाहुणं, तुमचं कुठं असतं?"

"हिंजवडीला, कंपनीत."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. दुपारी दोनची वेळ, कामाचा वार. "फड सुटला का?"

घराबाहेर ओळखणारा हा पहिलाच. मी मान हलवली.

"अंगावर उचल किती?"

हंगामाच्या आधी कलावंत फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतात, ती उचल. दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत नाचून, वाजवून ती फेडायची. मी गाडीच्या हप्त्यांचा आकडा सांगितला. ऑफिसला जायला गाडी घेतली, ऑफिस गेलं, गाडी राहिली. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्यात नवा मालक जुनी उचल भागवतो, मग माणूस नेतो. तुमच्यात?"

आमच्यात नवा मालक जुना पगार विचारतो आणि त्याच्याहून कमी देतो. हे मी त्याला सांगितलं. मग तो हसला.

नारायणगावात कामाच्या निष्ठेची गोष्ट निघाली की विठाबाई निघतातच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या. भरल्या दिवसांत फडावर उभ्या होत्या, खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बाहेर नाचायला आल्या, ही गोष्ट इथं पोरासोरांना पाठ आहे. राहुटीतही कोणीतरी ती काढली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मान डोलवता आली नाही. आजारपणात त्यांच्या औषधपाण्यासाठी लोकांपुढं हात पसरायची वेळ आली, २००२ मध्ये त्या गेल्या, आणि सरकारनं त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर. कामावर एवढी निष्ठा ठेवलेल्या बाईंची पट्टी तेवढीच आली असेल, तर दर शुक्रवारी निष्ठेची भाषणं देणाऱ्यांनी एकदा नारायणगावात येऊन जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुपारी ठरली. पौर्णिमेलाच, पौर्णिमेच्याच भावानं. माझ्या घासाघिशीनं कमिटीचे पाच हजार वाचले आणि त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली. कंपनीनं पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर काचेचा ठोकळा दिला होता. टॉवेल वापरात आहे.

वैशाखात मला काम मिळालं. बंगळूरची छोटी कंपनी, तीन तीन महिन्यांचा करार, जितके दिवस भराल तितक्या दिवसांचे पैसे. बायको म्हणाली, म्हणजे रोजंदारी. मी म्हटलं, कन्सल्टंट म्हणतात. ती म्हणाली, बरं. काम घरूनच आहे, ऑफिसात बोलावणार नाहीत, कारण त्यांना ऑफिसच नाही. दर तीन महिन्यांनी करार वाढतो की नाही याची धाकधूक असते. अण्णांना ते समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "मग टोमॅटोसारखंच की," आणि पुढं काही विचारलं नाही. तात्यांच्या लेखी माझ्या नोकरीत गेल्या सहा वर्षांत काहीच बदल झालेला नाही. कोणी विचारलं तर ते सांगतात की पोरगा हुशार आहे, फक्त एकटा बोलतो.

कडी मी अजून काढलेली नाही. पाना घेऊन एकदा बसलो होतो, पण मनगटाला वळशाची सवय झालीय. शिवाय अण्णा म्हणतात, दार गोठ्याचं आहे, कधी लागेल सांगता येत नाही.

आज सकाळी खोलीत गेलो तर टेबल जागेवर होतं, आठही कॅरेट मोजून. अण्णांना टोमॅटोचा भाव आज कोणी विचारू नये.